अडतीसशेचा खड्डा

सायलेन्सर बदलला तो बोनसच्या पैशात.
एअर फिल्टर नंतर, हौसेला मोल नाही म्हणून.
आणि मग गाडी अडतीसशे आरपीएमला
अडखळू लागली,
नेमक्या शब्दापाशी येऊन थांबणाऱ्या माणसासारखी.

मला ते ऐकू येत नाही, हे आधीच सांगतो.
एकोणीस वर्षं तळोज्यात कॉम्प्रेसरशेजारी ड्यूटी,
उजव्या कानातले वरचे सूर कंपनीने ठेवून घेतले.
थ्रॉटल सोडला की मागे फटफट होते,
हे मला तिसऱ्या मजल्यावरच्या घरत काकूंकडून कळलं:
"अहो, पहाटे पाचला कुणाची वरात?"
मला कळतो तो नुसता झटका.
टाकीतून मांडीला.

रबाळ्याच्या शेडमध्ये जयवंत मढवी म्हणाला,
रस्ते तीन.

एक, मधे डबी बसवायची.
ती इंजेक्टरच्या वायरीत बसते,
ईसीयूचा हुकूम वाटेत अडवते
आणि जरा वाढवून पुढे सोडते.
"म्हणजे तिखटमीठ लावणारा निरोप्या," मी म्हटलं.
"तसंच. पण काढली की
मधे कोणी होतं हे गाडीला कळतही नाही."

दुसरा, अख्खा नकाशाच नव्याने लिहायचा.
गाडी रोलरवर चढवायची, पट्ट्यांनी आवळायची,
जागच्या जागी शंभरने पळवायची
आणि चौकोन भरत जायचे.
इतका थ्रॉटल, इतके फेरे, तर इतकं पेट्रोल.

तिसरा त्याने बोटाने दाखवला.
कोपऱ्यात पोत्यात गुंडाळलेले
कुणाकुणाचे मूळ सायलेन्सर.
"परत लावायचा. पण लाज वाटते लोकांना.
घरी न्यायलाही येत नाहीत."

सगळ्यात चांगला कोणता, मी विचारलं.
चालवता कुठे, त्याने विचारलं.

घणसोली, महापे, शिळफाट्याचा चढ, तळोजा.
पुढे टँकर, मागे टँकर.
"काटा सहा हजारांवर कधी नेलाय?"
आठवून पाहिलं.
एकदा. पाम बीचवर. पुढचा सिग्नल लाल निघाला.

तो हसला नाही, याचं मला बरं वाटलं.
"मग वरचे चौकोन राहू देत,
चिमूटभर जास्त टाकतो, इंजिन तापायला नको.
मेहनत खाली करू, तुम्ही राहता तिथे.
पण आधी ठरवा, गाडीवर काय काय कायम राहणार.
ते ठरल्याशिवाय मी मोजायला घेत नाही."

यावर मी एक चहा घेतला, मग अजून एक.
फिल्टर राहील.
सायलेन्सर राहील, पण त्याच्या तोंडात
जाळीची नळी घाल, म्हटलं,
तिसऱ्या मजल्यासाठी.

तीन तास लागले.
धुराड्यात सेन्सर खुपसून तो पडद्यावर वाचत होता:
"पंधरा-सहा. उपाशी आहे इथे."
दोन टक्के वाढवलं. अजून तीन.
पंखा घोंघावत होता, रोलर फिरत होता,
मी टाकीवर पंजा ठेवून उभा,
ताप बघतात तसा.
चौदाच्या खाली आकडा आला
आणि तळव्याखालचा झटका
गेला.
कधी गेला तेही कळलं नाही.

ताकद वाढली दीड घोडा. पैसे साडेपाच हजार.
प्लग काढून दाखवला त्याने,
चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग.

आलेखाची प्रत मी घरी कपाटात ठेवली.
खाली कंपनीचा कागद होता, कानाच्या तपासणीचा, दरवर्षीचा.
त्यातही रेघ सरळ येते
आणि चार हजारांपाशी खाली कोसळते.
डॉक्टरबाईंनी तिथे पेनने गोल केलाय.
तिथे भरायला काही नाही, असं त्या म्हणाल्या होत्या,
गोल करतानाच.

दोन्ही कागद एकाच प्लास्टिकच्या फाइलीत आहेत.
दुसरी फाइल घरात नव्हती.

परवा घरत काकू जिन्यात भेटल्या.
डाव्या बाजूने आल्या, म्हणून ऐकू आलं:
"हल्ली गाडी नेत नाही वाटतं?"

नेतो की, म्हटलं.
रोज.